अलिबाग-रेवदंड्याला राहायला जाताय? आधी तिथी बघा, मग रूम

थंडी पडायला लागली की ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाला समुद्र आठवतो आणि समुद्र आठवला की अलिबाग. यावेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याच बाजूचे आहेत, म्हणून सगळं सदर अलिबाग-चौल-रेवदंडा पट्ट्यालाच देऊन टाकलंय. गोव्याचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार. आम्ही वर्तकनगरला राहतो. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत यायचंय. अलिबागचा किल्ला, बिर्ला मंदिर, काशीद, जंजिरा आणि जमलं तर मुरूडचा बीच असं सगळं बसवायचंय, मुलांना शाळेतून इतिहासाचा प्रोजेक्टपण दिलाय. बीचवरच्या हॉटेलांचे वीकेंडचे रेट बघून डोळे पांढरे झाले. घरगुती राहायचं तर कुठं?

उत्तर : ताई, तुमची यादी वाचूनच मला दम लागला. नकाशावर हे सगळं एका बोटात मावतं पण अलिबाग ते मुरूड साधारण ५० किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा आणि गावागावातून जाणारा, मध्ये एखादी एसटी समोर आली की आपण बाजूला घेऊन उभं राहायचं, म्हणजे एका बाजूने दीड ते दोन तास धरा, आणि सासऱ्यांना गाडीतून उतरायला-चढायला लागणारा वेळ वेगळा. यादीतलं जंजिरा तरी काढा नाहीतर अलिबाग तरी. माझं मत विचाराल तर जंजिरा काढा, तो स्वतंत्र ट्रिपचा माल आहे, त्यासाठी मुरूडलाच राहायला हवं.

आता राहायचं. अलिबाग शहरात किंवा वरसोलीला लोक राहतात कारण नाव माहितीये म्हणून. तुम्ही चौल नाहीतर रेवदंडा बघा, अलिबागपासून साधारण १७ किलोमीटर पुढे. तिथं नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये घरगुती खोल्या मिळतात, मालक मागच्या घरात राहतात, जेवण त्यांच्याच चुलीवरचं नाहीतर गॅसवरचं, आणि अंगणात सासरे झोपाळ्यावर बसले की त्यांना कुठं न्यायची गरजच पडत नाही. शिवाय तुम्ही अक्षरशः किल्ल्याच्या आत राहता! रेवदंडा गाव पोर्तुगीजांच्या तटबंदीतच वसलंय, अलिबागकडून येणारा रस्ता थेट तटातूनच आत घुसतो, बऱ्याच लोकांना कळतही नाही की आपण आत्ता किल्ल्यात शिरलो. इथलं बांधकाम सोळाव्या शतकातलं, १५२० च्या दशकात सुरू झालेलं. वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं असतं, सुपाऱ्या वाळत घातलेल्या असतात आणि त्याच वाडीच्या मागे एखाद्या चर्चची भिंत उभी असते, अर्धी वेलींनी झाकलेली, कुणी तिला हात लावत नाही आणि कुणी तिच्याकडे बघतही नाही. मुलांना सातखणी बुरूज दाखवा, नावाप्रमाणे सात मजली होता, आता चारच मजले शिल्लक आहेत. खाली उभं राहून मान वर केली की प्रोजेक्टचा अर्धा निबंध तिथंच होतो. वर चढवू मात्र नका, भिंती मोकळ्या झाल्यात.

एकच सांगतो, वाड्या बहुतेक खाजगी आहेत. आत जायचं तर हाक मारा, ‘काका, मागचं चर्च बघून येऊ का’ विचारा. नाही म्हणणारा मला तरी कमी भेटलाय, उलट तेच चार गोष्टी सांगत बरोबर येतात.

शनिवारी सकाळी रेवदंडा आणि चौलचं रामेश्वराचं देऊळ करा. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत, पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची जुनी प्रथा आहे, ही गोष्ट मुलांना गुरवांच्या तोंडून ऐकू द्या. देवळासमोरच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर सासूबाईंना निवांत बसता येईल. दुपारी जेवून सगळ्यांनी झोपा. संध्याकाळी पूल ओलांडून साळावचं बिर्ला मंदिर, गाडी जवळपर्यंत जाते. तिथून पुढं कोर्लई गावातून दीपगृहापर्यंत जा, ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी दीपगृहाच्या मागच्या वाटेने किल्ला चढा. डोंगराची चिंचोळी सोंड समुद्रात घुसलीये आणि तिच्या पाठीवर किल्ला, एकीकडे कुंडलिकेची खाडी, दुसरीकडे उघडा समुद्र. निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी तो १५९४ साली घेतला आणि पुढं १७४० मध्ये रेवदंड्याबरोबर मराठ्यांकडे आला. खालच्या कोर्लई गावात ख्रिश्चन वस्ती आहे, ती माणसं घरात अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली बोली बोलतात, इतक्या शतकांनंतर! तेवढ्यासाठी मोबाईल तोंडासमोर धरून ‘बोलून दाखवा ना’ असं करू नका म्हणजे झालं.

रविवारी सकाळी अलिबागचा किल्ला आणि मग घरी. वेळ कशी काढायची ते खालच्या उत्तरात आहे, ते वाचल्याशिवाय बुकिंग करू नका. काशीद राहिलं तर राहू द्या.

प्रश्न : मागच्या खेपेला अलिबागला गेलो तेव्हा किल्ल्यात जायला पाणी होतं, घोडागाडीवाला म्हणाला संध्याकाळी या, संध्याकाळी गेलो तर अंधार. किल्ल्यावर चालत नक्की कधी जाता येतं? नेटवर प्रत्येकजण वेगळं सांगतो. — कोपरखैरणे

उत्तर : प्रत्येकजण वेगळं सांगतो कारण प्रत्येकजण वेगळ्या दिवशी गेलेला असतो. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, त्यामुळे मित्र गेल्या आठवड्यात दहा वाजता चालत गेला म्हणून आपण या आठवड्यात दहाला गेलो तर कमरेएवढं पाणी.

आपल्या कोळीवाड्यांत चालणारा हिशोब एकदम सोपा आहे, कॅलेंडर घ्या आणि तिथीची पाऊणपट करा. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनच्या आसपास भरती आणि पहाटे तीनच्या आसपासही. भरतीच्या सहा तास आधी-नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा अंदाज आहे, अर्धा तास इकडंतिकडं होतो, नेटवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं त्यावरून पक्कं करून घ्या.

पण खरी गोम पुढं आहे. नुसती ओहोटी असून भागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप, किल्ल्यापर्यंतची वाट जवळजवळ कोरडी पडते. सप्तमी-अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, त्यामुळे अष्टमीला बरोबर बारा वाजता जरी पोचलात तरी गुडघाभर पाण्यातून जायची तयारी ठेवा. तुमच्या त्या दिवशी बहुतेक असंच काहीतरी असणार. म्हणून मी सांगतो की पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया, तृतीया, चतुर्थी गाठा. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या मध्ये येते, ऊन नाही, गर्दी नाही. शनिवार-रविवारी अशी तिथी आली की तीच तारीख बुक करा, लाँग वीकेंडच्या नादी लागू नका.

निघायचं ओहोटीच्या तासभर आधी, म्हणजे किल्ला बघून पाणी फिरायच्या आत परत. आत बघण्यासारखं पुष्कळ आहे त्यामुळे लोक रमतात आणि अडकतात. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये कामाला सुरुवात केली, संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं आणि किल्ला गाजवला तो कान्होजी आंग्र्यांनी. तटाचे चिरे जवळून बघा, दगडावर दगड नुसते रचलेत, मध्ये चुना भरलेला नाही. लाट आपटली की पाणी फटींमधून आत जातं आणि निघून येतं, त्यामुळे भिंतीला धक्का कमी बसतो. सगळीकडे खारं पाणी आणि आत विहीर गोड्या पाण्याची. सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं वाचा, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे, म्हणजे या मागाहून आलेल्या, आंग्र्यांच्या नव्हेत. गाईड वेगळंच सांगेल, हो म्हणायचं. बाहेर आल्यावर अलिबाग गावात कान्होजींची समाधी आहे (निधन १७२९), दहा मिनिटं तिथं द्या. किल्ल्यासाठी दोन तास घालवणारे आपण समाधीवरून हॉर्न वाजवत पुढं जातो हे मला काही बरोबर वाटत नाही.

प्रश्न : नेरूळला राहते, गाडी नाही. गेटवेला जाऊन कॅटामरान पकडायची म्हणजे उलटी गंगा. दुसरा काही मार्ग?

उत्तर : आहे की, तुमच्या घराजवळूनच! नेरूळ किंवा बेलापूरहून आता लोकल थेट उरणपर्यंत जाते, २०२४ च्या जानेवारीपासून. उरणला उतरून रिक्षाने करंजा जेट्टी, तिथून लाँचने रेवस, खाडीचं तोंड ओलांडायचं एवढंच. रेवसहून एसटी नाहीतर सहा आसनी मिळते अलिबागपर्यंत. पाठीवर एक सॅक असेल तर यापेक्षा मजेचा रस्ता नाही, लाँचमध्ये आपल्याबरोबर कोळणींच्या पाट्या, भाजीची पोती, कॉलेजची पोरं, सगळं असतं. शेवटच्या लाँचची वेळ जातानाच जेट्टीवर विचारून ठेवा, परत येताना उपयोगी पडेल. वारा-पाऊस जोरात असला की लाँच बंद ठेवतात.

ठाणेकरांसाठी : खोपटहून एसटीने जा, किंवा गाडी असेल तर पनवेल-पेण-वडखळ-पोयनाड. शनिवारी सकाळी आठनंतर वडखळला पोचलात तर तिथंच नाश्ता करा, कारण पुढं सरकणार नाहीच. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, गाडीसकट जाता येतं, तासाभराचा प्रवास, पण ठाण्याहून आधी भाऊच्या धक्क्यापर्यंत जायचं, त्यात काय ते वाचलं? शीव-परळवाल्यांना ती बरी.

प्रश्न : आम्ही आठ मैत्रिणी (घोडबंदर रोडची आमची भिशी!) होमस्टेला जाणार आहोत. जेवणाचं आधी काय काय विचारून घ्यायचं? एकीचा अनुभव असा की मासे शिळे होते आणि बिल मात्र ताजं.

उत्तर : शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे.

फोनवर ‘मासे मिळतील ना’ असं विचारलं की समोरून ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा, ‘या आठवड्यात बाजारात काय येतंय?’ ज्या घरात खरंच रोज मासे आणतात तिथली बाई लगेच सांगेल, बोंबील चांगले आहेत, सुरमई महाग आहे, कोलंबी सकाळी बघून सांगते. जिथं नुसतं ‘पापलेट थाळी, सुरमई थाळी’ एवढंच ऐकू आलं तिथं समजून जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत कुणी ताजं पापलेट म्हणून वाढलं तर ते फ्रीजरमधलं. तेव्हा सुकट, सोडे, जवळा मागा, नाहीतर खाडीतलं जे मिळेल ते. सोड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी पावसात जी लागते तिला तोड नाही. जिताडा हा रायगडचा मानाचा मासा, पण तो ऐनवेळी मिळत नाही, दोन दिवस आधी सांगून ठेवावा लागतो आणि आठ जणींत एक मोठा पुरतो.

तुम्ही आत्ता थंडीत जाणार असाल तर पोपटी सांगाच. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, सगळं मडक्यात भरतात, तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला, मग मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवतात. थेंबभर पाणी घालत नाहीत, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच शिजतं. मडकं झालं की नाही हे ओळखायला वरून पाणी शिंपडतात, चर्रर्र करून लगेच उडालं की काढायचं. शेंगा सोलून खाताना हात काळे होतात, तोंडही काळं होतं, सेल्फी त्याआधी काढून घ्या. वाल तयार असेपर्यंतच हे मिळतं, फेब्रुवारी संपत आला की संपलं.

फेब्रुवारीनंतर गेलात तर अलिबागचा पांढरा कांदा आणा, रस्त्याच्या कडेला वेण्या टांगलेल्या असतात. आता त्याला जीआयपण, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यामुळे कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकतात. खरा असेल तो गोडसर असतो, कच्चा खाल्ला तरी डोळ्यात पाणी येत नाही. एक तिथंच फोडायला लावा.

बाकी : वेगळा संडास आहे का, गरम पाणी बंबाचं की गीझरचं, रात्री लाईट गेली तर काय, आणि पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी आहे का एवढं विचारा. आणि आठ जणी म्हणजे रात्री गप्पा होणारच, तेव्हा घरात म्हातारं माणूस किंवा दहावीचं पोर आहे का हेही विचारून घ्या, शेवटी ते कुणाचं तरी घर आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, नवीन लावलेल्या माडा-पोफळींना फळ धरायला वर्षं जातात, त्यामुळे दोन खोल्यांचं भाडं हाच कित्येक घरांचा आधार होता. घासाघीस करा, पण कमी करा.

प्रश्न : जुलैमध्ये जंजिरा बघता येईल का?

उत्तर : लांबून. पावसाळ्यात राजपुरीच्या होड्या बंद असतात. कलालबांगडी तोफ बघायची तर दिवाळीच्या पुढं जा आणि मुरूडला राहा.

प्रश्न : किल्ले आणि बीच सोडून काही आहे का तिकडे? मी एम.ए. इतिहास करतोय, ऐरोलीला राहतो, बाईकने एकटाच जाणार आहे.

उत्तर : मित्रा, तुझ्यासाठीच हा पट्टा आहे. आक्षीला थांब, तिथं शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा धरतात, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये त्याचं नाव घेतात. दगडावर चंद्र-सूर्य कोरलेत. एवढा मोठा मान आणि लोक शेजारून नागावच्या बनाना राईडला जातात. दुपारच्या उन्हात अक्षरं दिसत नाहीत, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा.

अलिबागमध्ये इस्रायल आळी विचार. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, आपले शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून हे नाव पडलं. तिथं त्यांचं सिनेगॉग आहे, आणि पूर्वज जहाज फुटून जिथं किनाऱ्याला लागले असं ते मानतात ते नवगाव अलिबागच्या उत्तरेला आहे, तिथं स्मारक आहे. शहरातच चुंबकीय वेधशाळा आहे, ही गोष्ट मला फार आवडते. आधी ती मुंबईत कुलाब्याला होती, मग मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेमुळे नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला आणली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या म्हणजे साखळी तुटायला नको. यंत्रांच्या खोल्या बांधताना लोखंड वापरलेलं नाही. आत सहज सोडत नाहीत, कॉलेजचं पत्र घेऊन जा.

रेवदंड्याच्या हायस्कूलच्या आवारात अफानासी निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. तो पंधराव्या शतकात चौलला उतरला होता, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ ला, त्याच्याही आधी. घोडा विकायला आणला होता बरोबर. आणि चौल त्याहून कितीतरी जुनं, आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत ना, तिथल्या शिलालेखांत चेमूलच्या लोकांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. चेमूल म्हणजे चौलच. तेव्हा ट्रिपची सुरुवात रेवदंड्याला न करता कान्हेरीला केलीस तरी चालेल.

प्रश्न : दरवेळी अलिबाग अलिबाग काय लावलंय? आम्हा ठाणेकरांना वसई जवळ नाही का? — कळवा

उत्तर : आहे की, आणि किल्ला म्हणाल तर वसईचा रेवदंड्यापेक्षा मोठा आणि बघायला सोपा. पण तिथं राहायची गरज नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. आणि पोर्तुगीजच बघायचेत तर फार लांब जायला नको, आपलं ठाण्याचं सेंट्रल जेल म्हणजे पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, तो मराठ्यांनी १७३७ ला घेतला, मग १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्यानंतर रेवदंडा-कोर्लई सुटले. त्या क्रमाने बघायचं असेल तर जेल बाहेरूनच बघा!

वसईला जाताना घोडबंदर रोडने गाडी काढू नका, गायमुखलाच अर्धा दिवस जाईल. कळव्याहून दिवा गाठा आणि दिवा-वसई मेमू पकडा, गाड्या मोजक्याच आहेत तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. वसई रोडला उतरून पश्चिमेला किल्ल्यापर्यंत बस किंवा रिक्षा मिळते, पाणी बरोबर न्या.